तात्यांच्या तोंडातली तुळस

१

“मावशी, तात्या गेले. आन् ती नेपाळीण पळाली. लवकर या.”

सरस्वती फोनवर एवढंच बोलली. मी चहा तसाच ठेवला, चपला सरकवल्या आणि निघाले. वैशाखातली बारस होती. नऊ वाजायचे होते, तरी रस्ता तव्यासारखा तापला होता.

मी छबुबाई. एकतीस वर्षं आमच्या उपकेंद्रावर सिस्टर होते. मेलेल्या माणसाला मी भीत नाही, त्याच्याभोवती जमलेल्यांचं मात्र सांगता येत नाही. सरस्वती माझ्या थोरल्या बहिणीची लेक. चौदा वर्षांपूर्वी सुंदररावांच्या घरात ती मीच दिली. आईबाप नको म्हणत होते, मीच हट्टाला पेटले.

सुंदररावांना गाव तात्या म्हणायचं. गावची सोसायटी त्यांनी उभी केली, दूध संघाची गाडी गावात आणली ती त्यांनीच. सव्वा वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. धाकटा मुलगा धर्मराज पुण्यात असतो. त्यानं कुठल्याशा एजन्सीकडून चोवीस तास घरात राहून सेवा करणारी बाई पाठवली, ती थेट नेपाळातली. आमच्या शिरूर तालुक्यातून माणसं दरसाल ऊस तोडायला परमुलखात जातात, पण परमुलखातलं माणूस आमच्या दारात कामाला यायची ही पहिलीच वेळ. गाव बघायला लोटलं होतं तिला. नाव मात्र कुणी विचारलं नाही, ‘नेपाळीण’ म्हटलं की झालं. मी विचारलं होतं. दिलमाया.

ओसरी माणसांनी भरली होती. थोरला बद्रीनाथ, म्हणजे सरस्वतीचा नवरा, मध्ये उभा राहून ओरडत होता.

“आईच्या पाटल्या घेऊन गेली, बापाचा जीव घेऊन गेली! सोडत न्हाई मी तिला!”

पाचसात गडी काठ्या घेऊन मोटरसायकलींवर बाहेर पडले होते. शिरूरचे फौजदार दुपारशिवाय येणार नव्हते. कुणा मंत्र्याचा दुष्काळ बघायचा दौरा होता, सगळा बंदोबस्त तिकडं.

“त्याच्या आधी ती तुमाला घावली तर?” मी विचारलं.

“मग फौजदाराला तरास कावून द्यायचा, मावशी?” बद्रीनाथ म्हणाला आणि दोघंतिघं हसले.

हे लोक खरंच करतील, अशी ती हसण्याची तऱ्हा होती.

मी आत गेले. तात्या कॉटवर उताणे पडलेले. पापणी वर केली तर आत बारीक लाल ठिपके होते. खालचा ओठ आतून दातानं फाटलेला, आणि उशी एका अंगानं ओलसर. झोपेत गेलेला माणूस असा दिसत नाही. जबडा घट्ट बसला होता, म्हणजे जीव पहाटे साडेचार-पाचच्या सुमाराला गेला असणार.

“कुणी हात लावला यांना?”

“कुणीच न्हाई,” दारातून सरस्वती म्हणाली. “सहाला चहा घेऊन आले, तर असे. तसंच दार ओढून घेतलं.”

आवळलेल्या दातांच्या फटीत काहीतरी हिरवं दिसत होतं. सरस्वती वळली तसा मी केसांतला आकडा काढला आणि ते हळूच ओढलं. तुळशीचं पान होतं.

चांगली गती मिळावी म्हणून मरणाऱ्याच्या तोंडात तुळस घालतात. या माणसाचं तोंड उशीनं दाबणाऱ्यानं त्याच्या गतीचीही सोय बघितली होती.

२

पान मी रुमालात गुंडाळून पोलक्यात खोचलं आणि कुणाला बोलले नाही. फौजदार येईपर्यंत कुणी आत जायचं नाही, एवढं दमात सांगितलं. मग सरस्वतीला माजघरात घेऊन बसले.

पोरीचे डोळे रडून सुजलेले. गुडघ्याला पट्टी बांधलेली.

“ती कधी गेली?”

“मला काय ठाव? रात्री दहाला हितंच होती. सकाळी बघते तर तिची पिशवी न्हाई.”

“आन् तिचा कागद?”

दिलमायाचा नागरिकत्वाचा कागद आल्या दिवसापासून सरस्वतीच्या कपाटात कुलपात होता. एजन्सीवाल्यांनीच धर्मराजला तसं सुचवलं होतं म्हणे, बाई मध्येच सोडून जाऊ नये म्हणून. त्यावरून मी या घरात भांडले होते. बाई कामाला ठेवलीत का कोंडवाड्यात घातलीत, असं तोंडावर विचारलं होतं. पोलीस ठाण्यात तिची नोंद करा म्हणूनही सांगितलं होतं. ‘करू की’ म्हणाले, आणि सात महिने गेले.

“कागद बी न्हाई, पाटल्या बी न्हाईत. दोनी कपाटातच होतं.”

मी कपाट बघितलं. कुलूप जागच्या जागी, एक ओरखडा नाही. किल्ली सरस्वतीच्या कमरेलाच.

“माझ्या झोपेत काढून घेतली आसंल, मावशी. आन् परत लावली आसंल.”

“पळून जाणारी बाई किल्ली परत लावायला थांबली?”

“लई हुशार असत्यात ही लोकं,” ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. “माझं तर या गुडघ्यानं डोकंच चालंना. पंधरा दिस झाले, मळ्यात सुदीक पाय टाकला न्हाई.”

मला तिची दया आली. आपल्या हातानं दिलेली पोर, पोटी लेकरू नाही, त्यात हा घोर.

धर्मराज पुण्याहून निघाला होता, त्याला फोन लावला.

“मावशी, एजन्सीनं सांगितलं होतं, सगळं व्हेरिफिकेशन झालंय. आता त्यांचा नंबर बंद लागतोय.”

“तिचं गाव कोणतं रे?”

“नेपाळ.”

“नेपाळ हे गाव न्हाई, बाबा! तू बाप कुणाच्या हवाली केलास ते तुला ठाव न्हाई. आन् ती बिचारी कुणाच्या घरात येऊन पडली ते तिलाबी ठाव न्हाई.”

तो रडायला लागला. मी फोन ठेवला. तेवढ्यात ओसरीवर एकच गलका झाला. दुधाच्या गाडीवाल्याचा फोन होता. साडेचारला नेपाळीण एकटीच फाट्यावरून गाडीत बसली आणि शिरूरला उतरली. बद्रीनाथनं आणखी तीन मोटरसायकली तिकडं पिटाळल्या.

साडेचारला ती फाट्यावर होती. तात्या साडेचारला गेले की पाचला, हे मी छातीठोक सांगू शकत नव्हते. जबड्यावरून घड्याळ लावता येत नाही.

३

अंगणातल्या लिंबाखाली सुग्रीव बसला होता. तात्यांचा पुतण्या आणि सोसायटीचा सचिव. तोंड एवढंसं झालेलं.

“काकी, एक दाखवू का? कुणाला बोलू नका.”

त्यानं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा, तात्यांचा.

“शुक्रवारी तात्यांनी बोलावलतं. त्यांचं बोलणं आमाला कुणाला कळंना, तिला तेवढं कळायचं. ते तोंडातल्या तोंडात बोलायचे आन् ती सांगायची. म्हणली, बाबा म्हणतात मळ्यातली विहीर छावणीला द्या. मी तीनदा इचारलं. तीनदा मान हलवली तात्यांनी, आन् आपल्या मनानं अंगठा पुढं केला.”

गावात टँकर चौथ्या दिवशी येत होता. सोसायटीच्या चारा छावणीत हजारावर जनावरं. चारा मिळे, पण पाण्यावाचून ती माना टाकत होती. साऱ्या शिवारात पाणी होतं ते तात्यांच्या मळ्यातल्या विहिरीत, आणि त्या पाण्यावर मोसंबीची तीनशे झाडं कशीबशी तग धरून होती. पाणी छावणीला गेलं की बाग संपली.

“हे कुणाकुणाला ठाव होतं?”

“घरात सगळेच होते की. बद्रीनाथदादा लई बोलला. म्हणला, बुडा येडा झालाय, नेपाळीण पढवतीया त्याला. मंगळवारच्या सभेत कागद मांडायचा होता. आता मालकच ऱ्हायला न्हाई, वारसांची मर्जी.”

“आन् तू रे? तुजा काय डाव हाय यात?”

“माझा?” तो कळवळला. “माझ्या दोन म्हशी हायेत त्या छावणीत, काकी. मी कावून मारीन तात्याला?”

ते खरं होतं. तात्या जगण्यात सुग्रीवचं भलं होतं. दिलमायाचंही होतं, कारण म्हातारा आहे तोवर तिला काम. तात्या मंगळवारच्या आत जावेत असं वाटणारं माणूस या घरातलं होतं.

ओसरीवर बद्रीनाथ हात नाचवून बोलत होता. गड्याचे हात चांगले फावड्याएवढे होते. मी बराच वेळ त्या हातांकडे बघत बसले.

४

आता तुळशीचं बघू म्हटलं.

या घरच्या अंगणातली तुळस चैत्रातच वाळून काडी झाली होती. माझ्या दारातली तशीच. जिथं अंघोळीच्या पाण्यात धुणं आणि धुण्याच्या पाण्यात भांडी, तिथं तुळशीला कोण घालतंय? तरी मी गल्ल्यांतून फिरून एकूणएक वृंदावन बघितलं. सगळ्या काड्या. आणि माझ्या रुमालातलं पान हिरवं होतं, देठाला काळपट. काळी तुळस.

दिलमाया कुठून आणणार होती ते? तिला सात महिन्यांत या उंबऱ्याच्या बाहेर एकटी सोडली नव्हती कुणी. दुकानात जायचं तरी सरस्वती बरोबर.

आणखी एक गोष्ट मला सकाळपासून सलत होती. आमच्याकडे जीव जायच्या आत माणसाला कॉटवरून भुईवर घेतात. तुळस आणि भुई, दोन्ही एका दमात होतं. तात्यांच्या तोंडात तुळस होती आणि माणूस कॉटवरच. ज्याला गतीची एवढी काळजी, त्यानं भुईवर का घेतलं नाही? घेता आलं नसेल, दुसरं काय. बद्रीनाथनं बापाला एका हातानं उचललं असतं.

मनातला संशय डळमळला. तेवढ्यात गावाबाहेरच्या वळणावर धुळाजी मेंढरं घेऊन येताना दिसला. बद्रीनाथनं त्याच्या मेंढरांना मळ्यात पाण्याला जागा दिली होती, त्याबदल्यात रात्री तो राखणीला झोपायचा.

“धुळाजी, शिवारात हिरवं काय ऱ्हायलंय का रं कुठं?”

“हिरवं?” तो हसला. “बाई, मळ्यातली मोसंबी, आन् हिरीच्या काठाला ती काळी तुळस. बाकी समदं रान उजाड.”

“बद्रीनाथ रात्री कुठं होता?”

“माज्यापाशीच की. मोटरीजवळ बाज टाकून. लोक पाणी चोरत्यात ना. सकाळी फोन आला तवा मीच हालवून उठवला त्यान्ला.”

“मग काल मळ्यात आणखी कोण आलतं?”

“कोण न्हाई.” मेंढराला हाकत तो पुढं निघाला, मग वळून म्हणाला, “सरस्वतीवहिनी आलत्या तेवढ्या. दिवस बुडायच्या आत. तुळशीला हात जोडले, चार पानं तोडली, वल्या फडक्यात बांधली आन् गेल्या.”

मी तिथंच रस्त्याच्या कडेला दगडावर बसले.

५

सरस्वती चुलीपुढं एकटी होती. प्रेत घरात असताना चूल पेटवत नाहीत, ती नुसतीच बसली होती. मी दार लावून घेतलं आणि रुमाल तिच्यापुढं उघडला.

ती पानाकडं बघत राहिली.

“रात्री तुळस तोडत न्हाईत,” मी म्हटलं. “दिवस मावळला की तिला हात लावायचा न्हाई, हे तुला लहानपणी मीच शिकवलंय. म्हणून तू कालच आणून ठेवलीस. गुडघा दुखत असताना. तात्या परवा माझ्या हाताला धरून उठून बसलेत, चमच्यानं भात खाल्लाय. आज पहाटं ते मरणार हे काल सांजच्याला तुला कसं कळलं गं?”

“मावशी...”

“कपाटाचं कुलूप धड हाय, कारण तू किल्लीनं उघडलंस. कागद तूच दिलास तिला. एकटीला तात्या उचलंनात, म्हणून तुळस घातलीस आन् कॉटवरच ठेवलंस. खोटं असंल तर माझ्या डोळ्यांत बघून सांग.”

तिनं बघितलं नाही. मग ती बोलायला लागली, अगदी हळू, बाजारात भाव कसा चाललाय ते सांगावं तशी.

“चौदा वर्सं झाली. लोक वांझ म्हणत होते तवा मी त्या झाडांत जाऊन बसत होते. तीनशे रोपं या हातानं लावली. गेल्या दुष्काळात डोक्यावर घागरी वाहून जगवली. तात्या काय म्हणले? झाडं जळू द्या, जनावरं जगवा. म्हणले बी न्हाईत, ती बया म्हणली त्यांच्या वतीनं. मी पाया पडले त्यांच्या. त्यांनी तोंड फिरवलं.”

“म्हणून उशी?”

“पहाटं तिला उठवलं. म्हणलं, धर्मराजभाऊजीचा फोन आलता, तुजी आई लई आजारी हाय, जा. ह्यांना कळलं तर जाऊ देणार न्हाईत, गुपचूप जा. कागद दिला, भाकरी बांधून दिली. पाटल्या भाकरीखाली घातल्या. मग आत गेले.” तिनं पदर तोंडाला लावला. “तुळस मी आधीच आणलती. सासरे होते, मावशी. तसंच कसं जाऊ द्यायचं?”

ही माझी पोर होती. हिचे केस मी विंचरले होते.

“मी सांगणार हाय, सरू. फौजदार आला की.”

तिनं झटकन माझा हात धरला. “गप ऱ्हावा तुमी. ती घावंल, तिच्या पिशवीत सोनं घावंल, झालं. नेपाळी हाय, मावशी. तिच्यासाठी कोण रडत येणार हाय हितं? मी तुमच्या रक्ताची हाय. माझ्या आयला काय तोंड दाखवणार तुमी?”

थोरल्या बहिणीनं मला लहानाची मोठी केलेली. खोटं कशाला सांगू, त्या घडीला मी डगमगले. रुमालाची घडी घातली आणि परत पोलक्यात ठेवली. एक पान तर होतं. चुरडून चुलीतल्या राखेत मिसळलं की संपलं.

तेवढ्यात बाहेरून पोरांची ओरड आली.

“आली! नेपाळीण आली! धरा!”

६

काळीपिवळी जीप वेशीत उभी होती आणि दिलमाया चालत येत होती, आपल्या पायानं, सरळ घराकडं. तिच्या मागावर गेलेले गडी अजून शिरूरच्या स्टँडवर तिला शोधत होते. पिशवी तिनं छातीशी धरली होती. ओठ उन्हानं फुटलेले.

अंगणात पाय टाकते न टाकते तोच दोघांनी तिचे केस धरले. बद्रीनाथनं पिशवी हिसकून उपडी केली. भाकरी पडल्या, चटणीची पुडी पडली आणि फडक्यातून पाटल्या घरंगळल्या.

“बघा! बघा रे सगळे!” बद्रीनाथनं काठी घेतली.

दिलमायाला काही उमगत नव्हतं. तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत ती जिवाच्या आकांतानं सांगायला लागली.

“वहिनीनं भाकरी दिली. मी भूक लागली, उघडली. आत सोनं. वहिनीचं चुकून आलं ना. वहिनी रडेल. म्हणून मी परत आली, गाडी करून.”

“तुजी आय आजारी हाय म्हणून चाललीवतीस ना?” मी ओसरीवरून विचारलं.

“हो, मावशी. पण हे आधी द्यायचं ना.”

काठी वर गेली. मी कधी पायऱ्या उतरले मला ठाऊक नाही. मी तिच्या आणि काठीच्या मध्ये उभी होते आणि बद्रीनाथ ओरडत होता, व्हा बाजूला.

“न्हाई होत!” मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडले. “हिनं काय केलेलं न्हाई. तात्यांना मारलं ते माझ्या भाचीनं. तुज्या बायकोनं. तुमची ती मोसंबी जगवायला. आधी तिला इचार, मग माझ्या डोक्यात घाल ती काठी.”

सुग्रीवनं बद्रीनाथच्या हातातली काठी काढून घेतली, त्यानं ती घेऊ दिली. दारात सरस्वती येऊन उभी होती. तिनं नाही म्हटलं नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. बहिणीला आज संध्याकाळी फोन करायचा होता, तोही मलाच.

केस सुटले तशी दिलमाया खाली बसली, भाकरी गोळा केल्या, पाटल्या उचलून पायरीवर नीट ठेवल्या. मग तिनं ओसरीवरच्या गर्दीकडं, तात्यांच्या खोलीच्या मिटलेल्या दाराकडं बघितलं. एवढी माणसं कशाला जमलीत हे तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्या ओढाताणीत माझं ओरडणं तिच्या कानात शिरलं नव्हतं.

“मावशी,” ती म्हणाली, “बाबांची सकाळची गोळी कुणी दिली?”

मी तिचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेले.